जुलाबांची नोंद कशाला ठेवायची?

एखाद्या नव्या साथीला तोंड देण्यासाठी आपला प्रभाग सज्ज ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर आलीच, तर सर्वप्रथम जुलाबांची नोंद ठेवणे बंद करावे. जुलाब हा काही पत्रकार परिषद घेण्याजोगा आजार नव्हे. रुग्णाने औषधाच्या दुकानातून चार गोळ्या घ्याव्यात, मीठ-साखरेचे पाणी प्यावे आणि सोमवारी कामावर जावे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात अशा रुग्णांचा आकडा खासगी दवाखान्यांकडूनही मागवता येतो, परंतु गल्लीतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला फोन करून त्रास देणे सभ्यतेला धरून होणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकामागून एक आढळू लागले. या आजारात पायांतली शक्ती जाते आणि अशक्तपणा वर चढत काहींच्या श्वासापर्यंत पोहोचतो. तो बहुधा एखाद्या संसर्गानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी उद्भवतो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबांना कारणीभूत होणारा जिवाणू सापडला. अशी साथ आपली वर्दी पोटाच्या तक्रारींतून आधीच देऊन ठेवते, आणि नेमकी ती वर्दी ऐकू येऊ नये यासाठीच नोंद न ठेवण्याची सोय आहे. (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था पुण्यातच असल्याने नमुने तपासायला लांब पाठवावे लागत नाहीत, एवढी एक अडचण सोसावी.)

पाण्याच्या विषयात फार खोल जाऊ नये, विहिरीत तर नाहीच. पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीनयुक्त टीसीएल पावडरचे पोते दमट कोठारात तोंड उघडे ठेवावे, कारण क्लोरीन उडून गेला तरी पावडर पांढरीच राहते आणि साठा पुस्तकी हिशेबाला बरोबर जुळतो. पाण्यात क्लोरीन असल्यास नमुना पिवळा करून दाखवणारी ओटी चाचणी टाकीशेजारच्या नळावरच करावी. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला आहे का, हे पाहण्याचा आगाऊपणा केल्यास नमुना पिवळा न होण्याचा धोका संभवतो.

एवढे करूनही साथ आलीच, तर ती पाण्यातून आली असली तरी धूरफवारणी करावी. छायाचित्रात धूर दिसतो, क्लोरीन दिसत नाही. घरोघरच्या सर्वेक्षणाला आशा सेविका आहेतच, त्यांच्या मानधनाचा विषय साथीच्या दिवसांत काढू नये. चौकशी पथक येण्याच्या आदल्या रात्री मागील तीन महिन्यांची ओटी नोंदवही एका बैठकीत भरावी लागेल. ती भरताना निदान दोन वेगवेगळी पेने वापरावीत.