‘अंकल, ज़रा साइड में’

आज आमच्या गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्यात (चिखलात लोळून खेळायचा आषाढातला उत्सव) डोकं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

देवळातलं भजन आटोपून मंडळी देवकीकृष्णाच्या मैदानात उतरली, अंगं तेलाने चकचकीत, आणि पहिली लोळण पडली. आमचे भाई, गावातले जुने फोटोग्राफर, दरवर्षीच्या जागी उभे. तोच जुना कॅमेरा, त्याला प्लास्टिकची पिशवी रबराने बांधलेली. तेवढ्यात मागून हातभर लेन्सवाला एक पोरगा आला, भाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘अंकल, ज़रा साइड में. फ़ोटोग्राफ़र्स को जगह दो.’

आणि भाई सरकले हो! हसून सरकले.

अरे बाबा, तू कोणाला सांगतोयस? अर्ध्या गावाची बारशी, मुंजी, लग्नं, सगळी ह्या माणसाच्या कपाटात आहेत.

माझ्या आजीचंच सांगते. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, फॉर्मला तिचा फोटो हवा होता. फ्लॅश उडाला की आजी डोळे मिटायची, दरवेळी. भाई दोनदा म्हणाले, ‘माये, डोळे धांपूं नाकात.’ मग कॅमेऱ्यामागून सहज विचारलं, ‘बाणस्तारीच्या बाजारात औंदा मिरसांग कितलें?’ झालं! आजीचे डोळे बटाट्याएवढे. भाव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात खट्ट.

याला म्हणतात फोटोग्राफर. कोणाला काय विचारलं की डोळे उघडतात हे ज्याला ठाऊक तो. बाकी कॅमेरा काय, हप्त्यावर मिळतो.

बरं, त्या पोराचे फोटो चांगले असतील. मान्य. चिखल उडताना थेंबन् थेंब गोठलेला दिसेल. पण ज्याच्या अंगावरचा तो चिखल, त्याला तो फोटो कधी मिळणार आहे? त्याचं नाव तरी विचारलंस? पर्यटनवाल्यांनी जोर लावल्यापासून मैदानाच्या कडेला पाय ठेवायला जागा नाही, आणि विठ्ठलाचा गजर करणारी आमची पोरं ह्यांच्यासाठी नुसती ‘फ्रेम’.

होमाई व्यारावाला आठवतात? देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. नेहरूंपासून सगळ्यांना टिपलं, आणि १९७० मध्ये कॅमेरा ठेवून दिला तो दिलाच. नव्या फोटोवाल्यांची वागणूक त्यांना सोसेना, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. तेव्हा ही गत, मग आज काय बोलायचं!

पुन्हा आजीकडे येते. फॉर्म भरून झाला, पेन्शन सुरू झाली, फोटो आम्ही विसरलो. नऊ वर्षांनी आजी गेली. घरात तिचा धड एक फोटो नाही, सगळ्यांत डोळे मिटलेले. बाबा रात्री भाईंच्या दारात. भाईंनी वही काढली, पानावर बोट फिरवत नंबर शोधला, कपाटातून पाकीट, पाकिटातून निगेटिव्ह. दुकानामागच्या खोलीत लाल दिवा लागला. (कृष्णधवल कागदाला लाल उजेड दिसत नाही, हे मला त्या रात्री कळलं.) फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबूस वास अजून नाकात आहे. ट्रेमधल्या द्रावणात आधी कुंकू उमटलं, मग भिवया, मग ते डोळे.

आजही भिंतीवर आजी मिरचीच्या भावावरून तापायच्या बेतात आहे. पाहुणे म्हणतात, किती जिवंत!

आणि आज मी काय केलं? काही नाही. फोन वर धरून व्हिडिओ काढत उभी होते. भाई सरकले तेही त्यात आलंय. त्या पोराला दोन शब्द ऐकवायचे होते, तर जीभ टाळ्याला. राग त्याचा किती नि माझाच किती, देव जाणे.

मघाशी भाईंना फोन केला. म्हटलं, तुम्ही बोलला का नाहीत? तर ते म्हणाले, ‘त्या भुरग्याच्या लेन्शीर चिखल उडिल्लो गो. सुक्या फडक्यान पुसलो जाल्यार चरे पडटले. सांगपाचें उरलें.’