साहेब ओरडतो म्हणून काम चालतं?

हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या महिन्यात नोकरी सोडली. सकाळच्या कॉलवर टीम लीड रोज सगळ्यांसमोर तिची अक्कल काढायचा. घरच्या ग्रुपवर तिने कळवलं आणि मोठ्या मामांचा निकाल लगेच आला: "आमच्या साहेबांनी फायली तोंडावर फेकल्या, म्हणून आम्ही घडलो. आजकालच्या पोरांना काही सोसतच नाही." त्यावर अंगठेच अंगठे.

मामा, तुमच्या त्या ऑफिसात चूक झाली की कुणी सांगत नसे, हे गणपतीत पंगतीला बसून तुम्हीच आम्हाला सांगितलंय. चुकलेला आकडा गुपचूप पुढच्या टेबलावर सरकायचा. साहेबांची शिस्त किती महाग पडली, ते तिथे मोजायचं.

इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातल्या 24 पथकांवर केलेला एक प्रयोग 2015 साली 'पीडिॲट्रिक्स' या बालरोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरावासाठी रुग्ण दिला होता वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा. आतड्याचा गंभीर आजार झपाट्याने बळावतोय, असा प्रसंग. काही पथकांना बाहेरच्या एका तज्ज्ञाने तिथल्या वैद्यकीय सेवेबद्दल चार हिणकस वाक्यं ऐकवली. आरडाओरडा नाही, फेकाफेकी नाही. तेवढ्यानेही त्यांचं निदान घसरलं आणि हातातलं कामही. ती माणसं एकमेकांना माहिती कमी देत होती, मदत कमी मागत होती. चार वाक्यांनी शिकलेल्या डॉक्टर-नर्सचं हे होतं, तर रोजच्या अपमानाने काय होत असेल?

मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. फिकाला, म्हणजे इथल्या कॉफीच्या सुट्टीला, बसल्यावर आमच्यातली नवी मुलगी सहज सांगते, कालचा बिल्ड माझ्यामुळे पडला; म्हणजे तिच्या चुकीने सॉफ्टवेअर तयारच झालं नाही. दोघं कप ठेवून तिच्याबरोबर उठतात. ब्रेकच्या कोडमधली चूक रस्त्यावर सापडण्यापेक्षा टेबलावर सापडलेली बरी. हे लोक जन्मतःच सज्जन आहेत, असं नाही. कामावर कुणाला सतत हिणवणं, वाळीत टाकणं याविरुद्ध स्वीडनने 1993 मध्येच नियम केले. आपल्याकडे लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. पण चारचौघांत लायकी काढणाऱ्या लीडची तक्रार भाचीने कुठे न्यायची होती?

"तिथे बसून बोलायला तुझं काय जातं," मामांनी लिहिलं. हे लागलं मला. मी हिंजवडीतूनच आलोय. विषय न लिहिलेलं मीटिंगचं आमंत्रण साहेबाकडून आलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. "मला हे येत नाही" हे वाक्य इथली पोरं जेवताना बोलून जातात. माझ्या तोंडून ते कुठल्याच भाषेत पटकन निघत नाही. मामांना हे घडणं वाटतं. मला वाटतं, माझ्यातलं काहीतरी तिथे मोडलं, आणि इतक्या वर्षांत इथे ते सांधलेलं नाही.

शिवाय हा प्रश्न तिथला आणि इथला असा वेगळा राहिलेलाच नाही. जुलैत आम्ही चार-चार आठवडे सुट्टीवर असतो तेव्हा आमचं काम पुण्याची टीम ओढते. तिकडून येणाऱ्या अहवालात सगळे रकाने हिरवे. ऑगस्टमध्ये परतलो की त्या हिरव्याखाली दडवलेलं बाहेर येतं, आणि मग तारखा पुढे जातात. इथले सहकारी म्हणतात, पुण्याची माणसं वेळेवर बोलत नाहीत. मला राग येतो, त्यांचा आणि तिकडच्या लीडचाही. माईक चुकून चालू राहिला की मागून "हे क्लायंटसमोर बोलायचं नाही" असं दरडावणं ऐकू येतं. मराठी असतं, म्हणून कॉलवर ते फक्त मलाच कळतं.

मागच्या आठवड्यात मीटिंग संपल्यावर तिथल्या एका मुलाला थांबवून घेतलं. मराठीत म्हटलं, "बाळा, खरं काय अडलंय ते सांग, मी कुणाला नाव सांगणार नाही." तो इंग्रजीतून म्हणाला, "नो इश्यूज, सर."