पेढे वाटायला एवढं लाजायचं कशाला?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण कुठल्या दवाखान्यात ॲडमिट आहे, हे मला तासाभरात कळतं. कुणाचा पाय मोडला, कुणाच्या गाडीला कोण धडकलं, कुणाचे पैसे कुठल्या लिंकवर बोट ठेवल्याने गेले, सगळं फोटोसकट. पण मावसबहिणीच्या मुलाला नोकरी लागली, हे मला कळलं काही महिन्यांनी, तेही एका बारशात, पंगतीत बसल्यावर. "अय्या, तुला सांगितलं नव्हतं का?" नव्हतं सांगितलं. मी इकडे त्याच्या आईशी बोलताना नोकरीचा विषय निघू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होते, आणि साहेब पुण्यात दोन-तीन पगार घेऊन मोकळे.

माझं स्पष्ट मत आहे की चांगली बातमी सांगण्याच्या बाबतीत आपण फार चिक्कू झालोय. रडगाणं गायला आपल्याला वेळकाळ लागत नाही. आनंदाचं सांगायचं म्हटलं की मात्र मुहूर्त लागतो.

पूर्वी असं नव्हतं. पत्राच्या कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लावलेली असली की आत काय आहे ते पोस्टमनलाच आधी कळायचं आणि तो दारातूनच हसत यायचा. कोपरा फाडलेलं, म्हणजे कुणी गेल्याचं कार्ड आलं की वाचायचं, अंघोळ करायची आणि ते फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. तार आली की उघडायच्या आधीच बायका डोळ्याला पदर लावायच्या. मग कुणीतरी इंग्रजी येणारा शोधून आणायचा आणि तो म्हणायचा, अहो थांबा, पोरगा पास झालाय! ती तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. आता मरणाची आणि बारशाची बातमी मोबाईलवर एकाच आवाजात येते. शुभ बातमीला जो वेगळा थाट होता, तो गेला आणि त्याबरोबर सांगायची हौसही गेली असावी.

सगळीकडून गेली असं नाही. आमचे दूधवाले मामा अजून जुन्या वळणाचे आहेत. परवा सकाळी नेहमीपेक्षा लवकर बेल वाजवली.

"ताई, आज मोठं भांडं आणा."

"का हो मामा? दूध तर नेहमीचंच हवंय."

"दूध न्हाई, चीक हाय. म्हस व्याली काल. रेडी झालीया!"

चेहरा असा फुलला होता, की मला वाटलं नातच झाली. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर लोक समोर धार काढून घेऊन तिथंच दूध पितात, त्यामुळे म्हशीच्या बाळंतपणाचं कौतुक इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मामांनी चीक दिला, पैसे घेतले नाहीत. चिकाचे कसले पैसे, म्हणाले. पहिल्या दिवसाचा चीक घट्ट असतो, पिवळसर. त्यात दूध घालून पातळ करावा लागतो, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. गूळ, वेलची, जायफळ घालून कुकरमध्ये शिट्टी न लावता वाफवला आणि वड्या पाडून खालच्या मजल्यावर, शेजारी, समोरच्या मेडिकलवाल्याला देऊन आले. देताना प्रत्येकाला सांगावंच लागलं की मामांची म्हैस व्याली. दुपारपर्यंत ही बातमी निम्म्या गल्लीला माहीत होती. मामांचं भांडं मी रिकामं परत दिलं नाही, त्यात गूळ-शेंगदाणे घातले. तेही त्यांच्या घरी जाऊन कुणाच्या तरी तोंडात पडले असतीलच.

जाता जाता एक. म्हशीला रेडी झाली की गवळी खूश, कारण पुढचं दूध तिच्याकडून. आणि माणसाच्या घरात मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी नाहीतर जिलेबी! बर्फी मला पेढ्यापेक्षा जास्त आवडते हा भाग वेगळा, पण हा हिशेब कुणी घातला त्याला एकदा गोठ्यात नेऊन उभं करायला पाहिजे.

तर चांगलं न सांगण्याची कारणं लोक काय देतात? पहिलं, नजर लागते. अहो, लागू दे. मीठ-मोहऱ्या एवढ्या काही महाग झाल्या नाहीत. दुसरं, "एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?" यावर मी भांडायला तयार आहे. एवढीशी गोष्टच सांगायची असते. मोठी गोष्ट पेपरात येतेच. तिसरं कारण जरा वजनदार आहे: लोकांना वाटेल मिरवतोय.

मिरवणारे आहेत, नाही कसं म्हणू? स्टेटसला गाडीची चावी, पुढे नारळ, हार, आणि कॅप्शनमध्ये कष्टाचं फळ वगैरे. पण मला मिरवणं आणि सांगणं यातला फरक पटकन कळतो. आमच्या खालच्यांनी जुनी का होईना, गाडी घेतली. तेव्हा वहिनी वर येऊन म्हणाल्या, "काकांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर रिक्षा शोधत बसू नका, नुसती हाक मारा." गाडी त्यांची आणि झोप लागली मला. ज्या बातमीत ऐकणाऱ्याचाही थोडा वाटा असतो, ती खुशाल दवंडी पिटून सांगावी.

आमच्याकडे अशी दवंडी दरवर्षी पिटली जाते. राधानगरी धरण भरलं की. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे धरण, आणि त्याचे सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. कुणी बटण दाबत नाही की चाक फिरवत नाही. "पहिला दरवाजा उघडला" असा मेसेज येतो आणि लोक एकमेकांना असा पाठवतात, जणू घरच्याच धरणाचं दार उघडलंय. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, हा आकडा इथल्या पोराटोरांना पाठ आहे. वर्षाच्या पाण्याची चिंता मिटली, हा एक आनंद. पण एकामागून एक सातही उघडले की तीच माणसं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायला लागतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आनंदाची बातमी काळजीची व्हायला आमच्याकडे तेवढंच अंतर पुरतं, त्यामुळे पहिल्या दरवाजाचा आनंद आम्ही वेळेवर करून घेतो.

२०२४ च्या जुलैअखेर असंच झालं होतं. पंचगंगा पात्राबाहेर, रस्ते बंद, जो तो पाण्याचे फोटो पाठवतोय. आणि १ ऑगस्टला दुपारी स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मारलं! ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा रेल्वेत टीसी. त्या दिवसापर्यंत या खेळात तीन पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं, हे आमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? संध्याकाळपर्यंत गल्लीतला प्रत्येक जण नेमबाजीतला जाणकार झाला होता. ज्या राधानगरीचं नाव आम्ही आठवडाभर दरवाजांच्या संदर्भात धास्तीनं घेत होतो, ते छाती फुगवून घ्यायला लागलो.

खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ जिंकलं ते १९५२ साली. मधे ७२ वर्षं महाराष्ट्राच्या कुठल्याही खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक नव्हतं. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला आमच्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून पैसे उभे केले होते, आणि परत आल्यावर कऱ्हाडापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हातभराच्या अंतराला लोकांनी तासन्‌तास लावले. चांगली बातमी कशी पोचवायची असते, हे त्या गाडीवानांना विचारावं.

आता मला ज्याची चीड आहे ते. खोट्या चांगल्या बातम्या. "युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्कृष्ट घोषित केले, अभिनंदन, पुढे पाठवा." किती वर्षं फिरतोय हा मेसेज! असलं काही युनेस्कोनं कधी जाहीर केलेलं नाही. तरी दरवर्षी कुणीतरी काका तो नव्या उत्साहाने पाठवतातच. याने नुकसान काय होतं, तर खरी बातमी आली की विश्वास बसत नाही. ११ जुलै २०२५ ला मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ११ आपले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यात आमचा पन्हाळाही. मी ही बातमी ग्रुपवर टाकली तर पहिलं उत्तर आलं, "फॉरवर्ड दिसतोय, चेक कर." आणि हे कुणी लिहावं? राष्ट्रगीतवाल्या काकांनी! पन्हाळ्यावर राहणाऱ्यांना बांधकामाचे नियम कडक होतील अशी धास्ती होती आणि ती काही खुळचट नव्हती, तेही जाता जाता सांगते. बातमी चांगली असली म्हणून तिला दुसरी बाजू नसतेच असं नाही.

पण गेल्या काही वर्षांत एकही 'पण' न लावता ऐकलेली बातमी कुठली, असं विचारलं तर मी सांगेन, गुहागरची कासवीण. आमची मावशी तिकडची. तिचा २०२५ च्या सुरुवातीला फोन आला, "अगो, ओरिसाहून पाहुणी आल्ये." मला वाटलं कुणाची सून. तर ऑलिव्ह रिडले कासवीण. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर संशोधकांनी तिच्या वल्ह्यासारख्या पायावर नंबर कोरलेला धातूचा बिल्ला लावला होता, ०३२३३. चार वर्षांनी जानेवारीत ती गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली, आणि रात्री किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्यांच्या नजरेला तो बिल्ला पडला. श्रीलंकेला वळसा घालून आली असेल तर साडेतीन हजार किलोमीटर. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि आपली वेगळी, असं तोवर मानलं जायचं. १२० अंडी घातली, त्यातून १०७ पिल्लं समुद्रात गेली.

मला सारखा विचार येतो तो बिल्ला लावणाऱ्या माणसाचा. हजारो कासवांना असे बिल्ले लावायचे आणि सोडून द्यायचं, बहुतेकांचं पुढे काय झालं ते कधी कळत नाही. आणि एक दिवस कुठल्या तरी गुहागरहून निरोप येतो. त्या माणसाने तेव्हा पेढे वाटले की नाही, हे मला खरंच जाणून घ्यायला आवडेल. मावशीने मात्र या बातमीवर गावात दोन घरांचा चहा उकळला.

सांगण्याचीही एक रीत असते, हे मान्य. आमच्या गल्लीत एका मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी समोरच्या घरातल्या मुलाचं राहिलं. दोघं एकाच क्लासचे, एकाच रिक्षाने जाणारे. मुलीच्या आईने पेढे आणले, पण वाटायला निघायच्या आधी रिकाम्या हाताने समोर गेली. बसली, इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच सांगितलं. मी तिथेच होते, मला वाटलं आता अवघड होणार. तर मुलाची आई म्हणाली, "मग पेढे कुठायत? नुसत्या तोंडानं सांगून जातीस व्हय?" आणि तिने स्वतः दोन पेढे जास्त मागून घेतले, एक मुलाच्या हातात ठेवला. पोराने खाल्ला. पुढच्या वर्षी त्याचं फार्मसीला झालं, तेव्हा पेढ्याचं खोकं सगळ्यात आधी समोरच्या घरात गेलं.

तर आता माझी बातमी, एवढीशीच. आमच्या नळाला कित्येक वर्षं पहाटे चारला पाणी यायचं. या सोमवारपासून साडेसहाला येतंय, चांगल्या दाबाने, वरच्या टाकीपर्यंत मोटर न लावता! मी गजर बंद केलाय. शेजारच्या आजी तरीही सवयीने चारला उठून बसतात आणि भिंतीवर ठोकून विचारतात, आलं का गं? तुमच्या भागात कितीला येतंय सध्या?