चर्चचं संगीत कधी बदललंच नव्हतं?

चर्चच्या मंडळींच्या गटांमधून एक संदेश सारखा फिरतो आहे. थोडक्यात त्यात असं म्हटलंय: चर्चचं संगीत दोन हजार वर्षं जसंच्या तसं राहिलं, ऑर्गन हेच उपासनेचं खरं वाद्य असून गिटार आणि ढोल बाजारातून आत घुसले, जगातल्या चाली पवित्र शब्दांना बाटवतात, आणि नवी गीतं आली की मंडळी गायची थांबते. पाठवणाऱ्यांची तळमळ खोटी आहे असं मला मुळीच वाटत नाही. ज्या गीतावर आईला निरोप दिला, ते कुणी गीतपुस्तकातून काढलं तर मलाही सहन होणार नाही. पण यातली पहिली तीन विधानं इतिहासात टिकत नाहीत, आणि चौथ्यात जे खरं आहे त्याचं कारण वेगळं आहे.

"दोन हजार वर्षं काही बदललं नाही." सन ३८६ मध्ये मिलान शहरात बिशप अँब्रोज यांची मंडळी राजदरबाराच्या छळाला तोंड देत चर्चमध्ये रात्री जागवत होती. दुःखानं लोक खचू नयेत म्हणून तिथे पूर्वेकडच्या रीतीनं स्तोत्रं आणि गीतं गायला सुरुवात झाली. संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मकथनात हे नोंदवलंय, आणि ही पद्धत तिथे नव्यानं सुरू झाली असं स्पष्ट लिहिलंय. त्याच आत्मकथनात पुढे ते कबूल करतात, की कधी कधी शब्दांपेक्षा सूरच मनाला जास्त हलवतो आणि मग अपराध्यासारखं वाटतं. म्हणजे आज आपल्यात चाललेला वाद एकाच माणसाच्या मनात सोळाशे वर्षांपूर्वीही चालू होता.

पुढे चौदाव्या शतकात पोप बाविसावे जॉन यांनी अनेक सुरावटी एकमेकींत गुंफणाऱ्या नव्या गायनावर कडक शब्दांत टीका केली. ते गायन पुढे वाढत गेलं आणि आज तेच जुन्या पवित्र संगीताचा कळस मानलं जातं. १५२४ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या चळवळीतून लोकांच्या जर्मन भाषेतलं पहिलं छोटं गीतपुस्तक निघालं, त्यात अवघी आठ गीतं होती. इंग्लंडमध्ये अनेक मंडळ्या फक्त बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली पद्यंच गात. अशा काळात आयझॅक वॉट्स यांनी १७०७ साली स्वतः रचलेली गीतं छापली, तेव्हा माणसानं रचलेले शब्द उपासनेत कसे चालतील, हा आक्षेप पुढे कित्येक वर्षं ऐकू येत राहिला. आपण ज्यांना 'जुनी गीतं' म्हणतो त्यांत वॉट्स यांची गीतं आहेत.

"ऑर्गन हेच चर्चचं वाद्य." ऑर्गनचा जन्म ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झाला, पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्र म्हणून. रोमन काळात तो आखाड्यांतल्या झुंजींच्या वेळी वाजे. ७५७ साली बायझंटाईन सम्राटानं फ्रँकांच्या राजाला ऑर्गन भेट पाठवला, तो दरबारी वैभवाची खूण म्हणून. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बहुतेक ठिकाणी वाद्याविना गातात. १६४४ मध्ये तर इंग्लंडच्या संसदेनं चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा आदेश दिला होता. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी पियानो आणि ढोलासारख्या वाद्यांना मनाई केली, हे खरं. पण १९६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ऑर्गनचा मान राखून, उपासनेला शोभतील अशा इतर वाद्यांना दार उघडलं. मला स्वतःला ऑर्गन फार आवडतो. पण माझ्या आवडीला परंपरेचा हुकूम म्हणणं बरोबर नाही.

"जगातल्या चाली अपवित्र." ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटावरचं जे शोकगीत उत्तम शुक्रवारी गातात, त्याची चाल हान्स लिओ हास्लर यांनी १६०१ साली एका प्रेमगीतासाठी बांधली होती. जर्मन संगीतकार बाखनं तीच चाल मत्तयप्रणीत दुःखसहन-संगीतात पुन्हा पुन्हा वापरली. आज तिच्यात कुणाला प्रेमगीत ऐकू येत नाही. आपल्या भाषेतलं उदाहरण हवं तर फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' आहे: १६१६ सालचं, आणि ओवीत.

इथे आपल्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायला हवं. "ल्यूथरनं दारूच्या गुत्त्यातल्या चाली घेतल्या" हे उत्तर म्हणून पाठवू नका. तो 'बार' या शब्दाचा घोटाळा आहे. जर्मन गीतरचनेच्या एका प्रकाराचं ते नाव. ल्यूथर यांनी नाताळच्या एका गीताला लोकगीताची चाल लावली होती, आणि १५३९ मध्ये ते गीत नव्या चालीसह छापलं गेलं. चाली ते पारखून घेत.

आता चौथा मुद्दा, आणि तो मनाला लागणारा आहे: "मंडळी गात नाही." हे मी पाहिलंय. पण नवेपणा हे त्याचं कारण असतं, तर प्राचीन लॅटिन गायनाच्या काळात मंडळी गप्प का होती? तेव्हा गायकवृंद गात असे आणि लोक ऐकत.

कारणं शोधायची तर गाण्याजवळ जायला हवं. पहिलं म्हणजे पट्टी. ध्वनिमुद्रणातला गायक कसलेला असतो. त्याच्या पट्टीत साठीची बाई किंवा आवाज फुटलेला मुलगा गाऊ शकत नाही. दुसरं, आवाज. ध्वनिवर्धक इतका मोठा असतो की शेजारच्याचा सूर कानावर पडत नाही, आणि शेजारचा ऐकू आला नाही की माणूस लाजून थांबतो. तिसरं, घाई. दर रविवारी दोन नवी गीतं आणली तर ती मुरणार कधी?

आमच्या कॉयरनंही या तिन्ही चुका केल्या. मग आम्ही पट्टी उतरवली, कडव्यांमध्ये वाद्यं हळू केली आणि एकच नवं गीत सलग चार रविवार घेतलं, आधी नुसतं म्हणून दाखवत. पाचव्या रविवारी शेवटच्या कडव्याला आम्ही थांबलो, तरी गीत चालू राहिलं. जुन्या गीतांपैकी निम्मी दर रविवारी असतातच. अंत्यविधीच्या गीतांना मात्र आम्ही हात लावलेला नाही.