पडद्यावरचा डोंगर आणि खिडकीतला डोंगर

शाळेत प्रोजेक्टर बसला तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. मी वाईजवळच्या एका शाळेत नववी-दहावीला भूगोल शिकवतो. दहावीला भारताच्या जोडीला ब्राझील आहे. तिथे मॅनॉसजवळ रिओ निग्रोचं काळं पाणी आणि सोलिमॉइसचं गढूळ पाणी एकत्र येतं, पण तापमान, वेग आणि घनता वेगळी असल्यामुळे सुमारे 6 किलोमीटर दोन्ही प्रवाह न मिसळता शेजारीशेजारी वाहतात. हे मी कितीतरी वर्षं नुसते हातवारे करून सांगत होतो. उपग्रहाचं चित्र पडद्यावर आलं आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे आली. अशा एका चित्रासाठी पीपीटी हवीच.

पण पर्जन्यछायेची, म्हणजे डोंगरापलीकडे पाऊस कमी का पडतो याची, पीपीटी मी आता लावत नाही.

ग्रुपवर फिरणारी तयार पीपीटी असते. कुठलाच नसलेला एक डोंगर, ढग, निळे बाण आणि खाली व्याख्या. मुलं ती वहीत उतरवतात, परीक्षेत बिनचूक लिहितात. मी एकदा विचारलं, "मग आपल्या वाईला पाऊस कमी का?" वर्ग गप्प. ज्या डोंगराच्या सावलीत ही मुलं वाढली, तो खिडकीतून समोर दिसत होता! फार वाईट वाटलं, कारण ती चूक मुलांची नव्हती.

त्या दिवशी प्रोजेक्टर बंद केला आणि खडू घेतला. कोकणातून वारा निघाला, सह्याद्री चढला, थंड झाला, बरसला. एकेक रेघ, मुलांना विचारत विचारत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जेमतेम 32 किलोमीटरवर वाईत हजारसुद्धा नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणून महाबळेश्वरला मामाच्या घराला पावसाळ्याआधी गवताच्या झडी लावतात, भिंती भिजू नयेत म्हणून!" हे कुठल्या स्लाइडवर असतं?

तयार चित्रात वारा आधीच डोंगर ओलांडून गेलेला असतो. मुलाला विचार करायला वेळच उरत नाही. लांबचं, डोळ्यांना न दिसणारं पडद्यावर जरूर दाखवा. जवळचं त्यांच्यासमोर, त्यांच्याकडून काढून घ्या.

जूनमध्ये आम्ही बाटल्या कापून दोन पर्जन्यमापक केले. एक शाळेच्या गच्चीवर, दुसरा त्या मुलीच्या मामाकडे. मामा रोज सकाळी आठला फोनवर आकडा सांगायचे, मुलं फळ्यावर लिहायची. जुलैत एक दिवस ते म्हणाले, "सर, बाटली भरून वाहतेय, मोठी पाठवा."