‘आपल्यासारख्यांसाठी नाही’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

‘एक जुना जॉबर’ (जॉबर म्हणजे कारखान्यातले माग चालते ठेवणारा मिस्त्री) या नावाने तुम्ही मागच्या लेखाखाली लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. चित्रकार नसरीन मोहमदी यांची रेखाटनं मी मुंबईत एका प्रदर्शनात पाहिली, काहीच उमगलं नाही आणि तरी पाय निघेना, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे शब्द असे: “पोरी, उभी हयात मागावर काढली, रेघा आम्हाला नको शिकवूस. कागदावर चार रेघा ओढायच्या, ना नाव ना अर्थ, आणि न कळणाऱ्याला अडाणी ठरवायचं. परदेशात मुतारी मांडून तिलाही कला म्हणाले. कोटी कोटी उधळणाऱ्यांचे हे चोचले, आपल्यासारख्यांसाठी नाहीत. सोलापूरची आहेस तर गड्ड्यावर लिही, जे आपलं आहे, जे कळतं. आणि मुंबईला जायला खर्च किती आला तेही लिही.” (गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वर यात्रा.)

राग आला नाही, ओ. ‘मस्त’, ‘छान’ म्हणून पुढे सरकणाऱ्यांपेक्षा तुम्ही निदान शेवटपर्यंत वाचलंत.

मुतारीचं आधी उरकून टाकते. ती मार्सेल द्यूशाँ या कलाकाराची, 1917 सालची, न्यूयॉर्कमधली. गंमत अशी की त्या प्रदर्शनाचा नियमच होता, फी भरेल त्याची कलाकृती मांडायची. तरीही ही वस्तू आल्यावर आयोजक बिथरले आणि त्यांनी ती मांडलीच नाही. मूळ वस्तू पुढे हरवली, आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर करवून घेतलेल्या प्रती. म्हणजे तुम्ही आज जे म्हणताय ते तिथल्या मंडळींनी तेव्हाच म्हणून झालं होतं. मला तो एक फर्मास खोडसाळपणा वाटतो. त्याच्यापुढे हात जोडून उभं राहावं असं मलाही वाटत नाही.

कोटींचं मात्र जरा थांबून बोलू. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र 2015 मध्ये मुंबईच्या लिलावात 29 कोटींच्या वर गेलं, तुम्ही पेपरात वाचलं असेल. पण गायतोंडे 2001 मध्येच वारले होते. नागपुरात जन्मलेला, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेला हा माणूस दिल्लीत निजामुद्दीनला भाड्याच्या लहानशा जागेत राहायचा आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचा. चोचले असतील तर ते विकत घेणाऱ्याचे, काढणाऱ्याचे नव्हेत. एखादी चादर शोरूममध्ये कितीला गेली यावरून विणणाऱ्याची लायकी ठरवलेली तुम्हाला चालेल का?

आता गड्डा. ‘जे कळतं ते लिही’ म्हणालात म्हणून विचारते. भोगीच्या दुपारी संमती कट्ट्यापाशी आपण सगळे उभे असतो. सातही नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) आलेले, बाराबंदीतली माणसं घामाने निथळलेली, कमरेच्या पट्ट्यात काठीचा बुंधा धरून तोल सांभाळणाऱ्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या. संमती (लग्नातल्या मंगलाष्टकांसारखी) वाचली जाते ती कन्नडमध्ये. माझ्या आईला कन्नड येत नाही, मला येत नाही, शेजारच्या तेलुगू काकूंनाही येत नाही. पण ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ कानावर पडलं की मुठीतल्या अक्षता सुटतात, कुणी सांगावं लागत नाही. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी नुसती तांदूळ फेकायची. आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचा आणि कुंभारकन्येचा तो विवाह, ही कथा पुष्कळ उशिरा कळली. कळली म्हणून अक्षता जास्त भक्तीने पडल्या असं काही झालं नाही.

गड्डा आपल्याला ‘कळतो’ म्हणजे आपण दरवर्षी जातो. त्याच्यासमोर उभं राहायची सवय झाली आहे. ती सवय चित्राला कधी मिळाली? शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना राहिलेला भाग संपवायला मिळणारी हक्काची वेळ. (आमच्या शाळेत तरी तसंच होतं.) एवढ्या भांडवलावर आपण एखाद्या चित्रासमोर जातो, मिनिटभर थांबतो आणि त्याने अर्थ सांगावा म्हणून हटून बसतो.

शिवाय अर्थाचा हा आग्रह आपण सगळीकडे धरतो का? तराणा ऐकताना ‘तोम तननन’चा अर्थ कुणी विचारत नाही. दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीचा विचारत नाही. आणि काका, चादरीच्या नक्षीचा अर्थ काय, असं आजवर कुठल्या गिऱ्हाइकाने विचारलं? रंग जाणार नाही ना, एवढंच विचारतात. भिंतीवर चौकटीत काही टांगलं की मात्र आपण फौजदार होतो.

आता रेघांकडे येते, कारण तुमची प्रतिक्रिया तिथेच मला लागली.

मोहमदींची ती रेखाटनं मोठी नाहीत. कागद, शाई, पेन्सिल, बस. समोर गेले तेव्हा पहिल्यांदा काचेत माझाच चेहरा दिसला आणि मागे राखाडी धुकं. जवळ गेल्यावर धुक्याच्या रेघा झाल्या. एकाशेजारी एक, केसासारख्या. दोन रेघांमधलं अंतर सारखं आहे म्हणेपर्यंत ते किंचित कमी होतं, मग आणखी कमी, आणि पट्टा गडद होत जातो. त्यासाठी वेगळी काळी शाई नाही, रेघाच दाटल्या आहेत. एका जागी पेन्सिल इतकी हलकी झाली होती की रेघ कुठे संपली ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, वॉचमनने दोनदा ‘मॅडम, पीछे’ म्हटलं.

पाय का निघेनात, ते तुमची प्रतिक्रिया वाचताना जास्त नीट लक्षात आलं. आमच्या घरी माग नाही, पण घराला लागून कारखाना आहे. खटखटाट थांबला की रात्री जाग येते, अशा भागात मी वाढले. शाळेतून येताना मी त्या कारखान्याच्या दारात उभी राहायची. बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) संपला की नवा चढवायचा, आणि जुन्याच्या टोकाला नव्याचा एकेक धागा जोडायचा. एक मामा पाटावर बसून ते करायचे. चिमटीत दोन टोकं, एक पीळ, सोडलं, पुढची दोन. हजारो धागे. बोलायचे माझ्याशी, हसायचे, पण बोटं थांबत नसत. आणि माग चालू असताना ताण्यातली, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एखादी तार तुटली की मागवाला लांबून येऊन नेमका तिथेच हात घालायचा. मला तर सगळं पांढरंच दिसायचं.

काका, तुम्ही जॉबर होतात. एवढ्या उभ्या धाग्यांत एक ढिला आहे हे तुम्हाला दिसत होतं. कापडावर उजेड तिरका पडला की फणीचा दोष तुम्ही ओळखत असणार. मग ‘रेघा आम्हाला नको शिकवूस’ हे तुमचं म्हणणं मी शब्दशः मान्य करते. शिकवायला मी कोण? त्या चित्रासमोर माझ्यापेक्षा तुमची नजर जास्त तयार आहे. कुठल्या दोन रेघांमधलं अंतर मुद्दाम बदललंय आणि कुठे हात किंचित हलला, हे मला अर्ध्या तासात जेवढं दिसलं तेवढं तुम्हाला पाच मिनिटांत दिसलं असतं. कदाचित पाहून तुम्ही म्हणाला असता, काम बरं नाही. ते मी ऐकून घेतलं असतं, आनंदाने. न पाहता ‘चार रेघा’ म्हणालात, त्याला माझी हरकत आहे.

एक गोष्ट मागच्या लेखात लिहायची राहून गेली होती, जागा पुरली नाही. मोहमदी फोटोही काढायच्या. हयात असताना त्यांनी ते प्रदर्शनात मांडले नाहीत, लोकांसमोर आले ते त्यांच्या पश्चात. त्यातल्या काही फोटोंत काय आहे माहितीये? मागावर ताणलेले उभे धागे. दुसरं काही नाही, नुसता ताणा. कराचीत 1937 साली जन्मलेली, लंडन-पॅरिसला शिकलेली, पुढे बडोद्याला शिकवणारी बाई मागासमोर कॅमेरा घेऊन उभी राहिली, आणि आपण तिच्या रेघांबद्दल म्हणतो की मागावरच्या माणसाचा यांच्याशी काय संबंध! शेवटच्या वर्षांत त्यांना मज्जासंस्थेचा आजार होता, हातापायांवरचा ताबा जात चालला होता. त्याच काळातल्या रेघा बघा, सरळ आहेत. 1990 मध्ये अलिबागजवळ किहीमला त्या वारल्या. ‘चार रेघा कुणीही ओढेल’ या वाक्याला माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नाही.

तुमच्या म्हणण्यातला एक भाग मात्र सोळा आणे खरा आहे. न कळणाऱ्याला अडाणी वाटावं अशी व्यवस्था तिथे असतेच. चित्राशेजारच्या पाटीवरचं इंग्रजी वाचून चित्र परवडलं असं होतं. मराठी पाटी दिसली नाही. बोलणारे एकमेकांत हळू आवाजात बोलतात, आपण चप्पल वाजली तरी दचकतो. त्याच प्रदर्शनात अंधाऱ्या खोलीत एक व्हिडिओ चालू होता, लाटा येत होत्या, जात होत्या. मी थोडा वेळ बसले आणि उठून आले. कंटाळा आला. (तिथल्या बाकांना पाठ का नसते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) अनोळखी ते सगळं थोर, असं माझं म्हणणं नाही आणि कधी नव्हतं. कंटाळा आला हे समोर बसून ठरलं, एवढंच.

आणि ‘आपल्यासारख्यांसाठी नाही’ हे तिथल्या कुणी मला सांगितलं नाही हो. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक लागलं की आपण बिनधास्त जातो, नाटक पडेल निघालं तर मध्यंतरात चहा पिऊन शिव्या घालतो. नाटकाला शिव्या घालायचा हक्क आपण तिकिटाबरोबर घेतलेला असतो. चित्राच्या बाबतीत तो हक्क न बजावताच आपण बाहेरूनच माघारी फिरतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं. एम. एफ. हुसेन यांचा जन्म तिथला, 1915 चा. त्यांचं एक तरी चित्र समोर उभं राहून पाहिलेला माणूस माझ्या ओळखीत नाही. त्यांच्यावर मत मात्र प्रत्येकाचं आहे, आणि जोरात आहे.

गड्ड्यावर लिहीन, नक्की लिहीन. पण हे सोडून ते, असं नको. दोन्ही लिहीन.

राहिला खर्चाचा प्रश्न. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं स्लीपर तिकीट जाऊन-येऊन. रात्री सोलापूरला बसायचं, सकाळी सीएसएमटी. तिथून काळा घोडा चालत जाता येतं, टॅक्सीवाल्यांकडे बघायचं नाही. डबा आईने दिला होता, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, ती स्टेशनवरच संपली. तिथल्या जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नसतं, आत कुणीही जाऊ शकतं. सकाळी लवकर पोहोचलात तर उघडायची वाट बघावी लागेल, समोरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात, तोवर ती बघा. मोठी बॅग असेल तर क्लोकरूममध्ये टाकून जा, खांद्यावर घेऊन फिरायला त्रास होतो. आणि आत कुणी इंग्रजीत काही विचारलं तर मराठीत उत्तर द्या, समजतं त्यांना.