साठ पेन्सचा पाला

लंडनजवळच्या स्लाऊच्या हाय स्ट्रीटमागे वाण्याचं दुकान आहे. त्याच्या पार्किंगची कमरेएवढी विटांची भिंत म्हणजे आमचा कट्टा. रविवार, २३ ऑक्टोबर २०२२. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, त्यामुळे जो तो उटणं-पणत्या घ्यायला आला तो भिंतीला टेकलाच.

"कोबी जिंकला!" अण्णांनी आल्या आल्या जाहीर केलं.

"कोबी नाही अण्णा, लेट्यूस," बाळ्या म्हणाला. "साठ पेन्सचा. वर केसांचा टोप."

"पाला तो पालाच."

एका पेपराने पैज लावली होती: आधी लेट्यूस सडतो, की पंतप्रधान लिझ ट्रस जातात. गुरुवारी ट्रसबाईंनी राजीनामा दिला होता.

अण्णा सोलापूरचे, इथे तेहतीस वर्षं. त्यांच्या 'आपण' या शब्दाचा अर्थ दर निवडणुकीला बदलतो. २०१६ साली 'आपण' म्हणजे ब्रिटन होतं. युरोपातली माणसं कमी झाली की भाच्याला व्हिसा मिळेल, या हिशेबाने त्यांनी ब्रेक्झिटला मत दिलं. भाचा सध्या कॅनडात असतो. आज 'आपण' म्हणजे ट्रसबाईंच्या खुर्चीच्या शर्यतीत असलेला ऋषी सुनक.

"ऐन दिवाळीत आपला पोरगा डाउनिंग स्ट्रीटवर! ऊर भरून येतो."

"आपला कसा? साउदॅम्प्टनचा आहे तो," शुभाताई म्हणाल्या. त्या इथल्या एका इस्पितळात रात्रपाळीला असतात, ड्यूटीला जाता जाता थांबल्या होत्या. "जावई म्हणाल तर कर्नाटकाचा. मिरजेपासून सीमा जवळ आहे म्हणून मी काही सासुरवाडीचा मान मागायला जात नाही."

बाळ्याने तोवर फोन काढला होता. बाळ्याला आकडे वाचून दाखवल्याशिवाय चहा पचत नाही. "यूगव्हची मतपाहणी बघा. ट्रसबाई बऱ्या वाटतात म्हणणारे शंभरात दहा, नको म्हणणारे ऐंशी. आणि सप्टेंबरअखेर विरोधी लेबर पक्ष ३३ टक्क्यांनी पुढे! त्यांचा नेता स्टार्मर आला म्हणून समजा."

"स्टार्मर आवडतो कुणाला? हात वर करा बघू."

भिंतीवर पाच जण होतो. एकही हात वर गेला नाही.

"बघ. बिनफोडणीचं वरण आहे ते," शुभाताई म्हणाल्या. "पण बाहेरचं खाऊन पोट बिघडलं की माणूस वरणभातच मागतो. त्यावरून रांधणाऱ्याने स्वतःला सुगरण समजू नये."

"आणि लिब डेमवाले, लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे?" मी विचारलं. "त्यांचा नेता कोण हल्ली?"

सगळे गप्प. अण्णा ठामपणे म्हणाले, "निक क्लेग."

"अण्णा, त्याने नेतेपद सोडून सात वर्षं झाली. फेसबुकात नोकरीला आहे तो."

एड डेव्हीचं नाव शेवटी फोनवरच शोधावं लागलं. पाहणीवाले या भिंतीवर आले असते तर बिचाऱ्याच्या रकान्यात शून्य पडलं असतं.

खरं दुखणं बाळ्याचं होतं. त्याचं घराचं कर्ज तीन लाख पौंड, पंचवीस वर्षांचं, दीड टक्क्यावर दोन वर्षं बांधलेलं. ती मुदत नोव्हेंबरात संपते. ब्रोकरचा मेसेज त्याने आम्हाला दाखवला: सहा टक्के. बाराशेचा हप्ता पावणेएकोणीसशेच्या घरात. तो मेसेज त्याने इतक्यांदा उघडला असावा की बोट न बघताच तिथे गेलं. मनात म्हटलं, त्या ऐंशी जणांत असे बाळ्या किती असतील.

"धोरण बरोबर होतं," अण्णा हळूच म्हणाले. "वेळ चुकली."

"वेळ?" शुभाताईंनी पिशवी खाली ठेवली. "२३ सप्टेंबरला ट्रसबाईंच्या सरकारने उसन्या पैशावर ४५ अब्ज पौंडांची करकपात काढली. सोमवारी पौंड १.०३ डॉलरवर, व्याजदर भडकले. बुधवारी बँक ऑफ इंग्लंड सरकारी रोखे विकत घ्यायला धावली. मग अर्थमंत्री क्वार्टेंगला काढला, त्याच्या जागी हंट आला आणि त्याने जवळजवळ सगळं परत फिरवलं. ही वेळ चुकली?"

"गणपतीच्या हिशेबात चाळीस पौंड कमी आले, तेव्हाही वेळच चुकली होती," बाळ्या म्हणाला.

"ते हाराचे होते! पावती दिलीय मी!"

"कापराची पावती होती ती, अण्णा."

दहा मिनिटं त्या चाळीस पौंडांत गेली. २०१४ सालची गोष्ट आहे, पण दरवर्षी नव्याने उगाळली जाते. अण्णांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. ऑक्टोबरात, स्लाऊमध्ये!

"मला राग बाईंचा नाही," शुभाताई परत मुद्द्यावर आल्या. "त्यांना निवडलं कुणी? हुजूर पक्षाचे ८१,३२६ सभासद. वेम्बलीचं मैदानसुद्धा भरलं नसतं तेवढ्यात. वर्षाला पंचवीस पौंड वर्गणी भरायची आणि सहा कोटींवर पंतप्रधान बसवायचा. आमच्या मिरजेच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडायला याहून जास्त धाकधूक असते. आणि हा बाळ्या, भारतीय पासपोर्टवर इथे मत देऊ शकतो, पण ह्या वेळी त्याला विचारलं कुणी?"

"सभासदांना काय कळतं!" अण्णा म्हणाले, जरा जास्तच जोरात.

नऊच्या सुमारास बाळ्याचा फोन वाजला. माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सनने शर्यतीतून माघार घेतली होती. अण्णा टाळी द्यायला वळले, तेवढ्यात काकू चकल्यांचा डबा घेऊन गाडीतून उतरल्या.

"काकू, उद्या ऋषी येणार! अण्णा नाचतायत."

"हे?" काकूंनी डब्याचं झाकण उघडलं. "ह्यांनी ऑगस्टात त्या बाईलाच मत दिलं की. नॅशनल इन्शुरन्स कमी करते म्हणाली म्हणून. पाकीट मीच टाकलं पेटीत."

कट्ट्यावर क्षणभर फक्त पार्किंगमधल्या ट्रॉल्यांचा खडखडाट.

"तुम्ही मेंबर आहात?" बाळ्याचा आवाज फाटला. "माझे पावणेसातशे पौंड—"

"गुप्त मतदान असतं ते!" अण्णा ओरडले. शुभाताई भिंतीवर वाकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी. ड्यूटीची बस त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. अण्णांनीच मग त्यांना गाडीतून सोडलं. पाठीमागे बसलेला बाळ्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत हप्ता मागत होता.

चकल्या मात्र झकास होत्या.